अखेरच्या वर्षातील जपानी रायफल ओळखताना

जपानच्या सैन्यासाठी १९४४ च्या उत्तरार्धात आणि १९४५ मध्ये तयार झालेली रायफल पहिल्यांदा हातात घेतली, की ती अर्धवट राहिलेली वस्तू वाटते. धातूवर कटरचे माग उघडे असतात, लाकडावर कानशीचे ओरखडे तसेच असतात, काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टच्या दांड्याला सुबक अंडाकृती मुठीऐवजी साधे गोल नळकांडे असते आणि दस्त्याच्या टोकाला लोखंडी पट्टीऐवजी खिळ्यांनी ठोकलेली फळी असते. अमेरिकेतील जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनांत अशा प्रत्येक रायफलीला ‘लास्ट डिच’, म्हणजे अखेरच्या निकराच्या काळातली, अशी चिठ्ठी सरसकट लावलेली असते आणि विक्रेता बहुधा दोन गोष्टी सांगतो: ही निकृष्ट आहे आणि ही चालवू नका. दुसरा सल्ला काही रायफलींच्या बाबतीत अगदी खरा आहे, परंतु त्याचा बाह्य खडबडीतपणाशी संबंध नाही. तो संबंध नेमका कशाशी आहे, हे समजून घेण्यातच माझा या विषयाचा बहुतेक अभ्यास झाला.

माझे शिक्षण सांगलीला झाले, सुरुवातीची नोकरी यंत्रशाळेत झाली आणि पुढे मिशिगनमध्ये यंत्रभागांची गुणवत्ता तपासणे हाच माझा व्यवसाय राहिला. कापलेल्या धातूचा पृष्ठभाग पाहून कोणते काम लेथवर झाले, कोणते मिलिंगवर, कुठे कारागिराने वेळ दिला आणि कुठे जाणूनबुजून दिला नाही, हे ओळखण्याची सवय त्यातूनच लागली. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मुळे अशी रायफल परवान्याशिवाय बाळगता येत नाही आणि अमेरिकेतही तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला बंदूक बाळगण्यास बहुतांशी मनाई आहे. त्यामुळे या देशाचा नागरिक होईपर्यंत मी संग्रहालयांतल्या काचेपलीकडूनच पाहत होतो. नागरिकत्वानंतर मी जुन्या आणि संग्रहयोग्य शस्त्रांसाठी असलेला संघीय परवाना काढला. त्याची फी तीन वर्षांसाठी ३० डॉलर आहे, परंतु त्यासोबत नोंदवही ठेवण्याची सक्ती येते. प्रत्येक शस्त्र कोणाकडून, कोणत्या तारखेला आले आणि त्याचा क्रमांक काय, हे त्यात लिहावे लागते. ही सक्ती मला कधीच जाचक वाटली नाही, कारण पुढे ओळख पटवण्याचे काम त्याच सवयीवर उभे राहिले.

उणे काय झाले ते कळण्यासाठी आधी पूर्ण काय होते ते माहीत असावे लागते. १९०५ मध्ये, म्हणजे मेइजी सम्राटाच्या कारकिर्दीच्या ३८ व्या वर्षी, स्वीकारलेली ‘टाइप ३८’ ही ६.५ मिलिमीटरची लांब रायफल जपानी पायदळाने अनेक दशके वापरली. चीनमधील लढाईत अधिक जड गोळीची गरज भासू लागली आणि १९३९ मध्ये, जपानी शाही गणनेच्या २५९९ व्या वर्षी, ७.७ मिलिमीटरची ‘टाइप ९९’ आली. तिचा आखूड नमुना सुमारे ११२ सेंटिमीटर लांबीचा आहे. सुरुवातीच्या टाइप ९९ इतके निगुतीने केलेले लष्करी काम मी क्वचितच पाहिले आहे. नळीच्या आतून क्रोमियमचा थर, बोल्टवर सरकणारे धूळरोधक झाकण, नळीखाली दुमडणारा तारेचा एकपायी टेकू, मागच्या साइटला विमानावर नेम धरण्यासाठी उघडणाऱ्या दोन पट्ट्या, पुढच्या साइटला दोन्ही बाजूंनी संरक्षक कान आणि सेफ्टीच्या गोल बोंडावर नीट कोरलेल्या रेषा, हे सारे एकाच रायफलीवर असे. रिसीव्हरच्या, म्हणजे ज्या धातूच्या चौकटीत बोल्ट सरकतो तिच्या, माथ्यावर सोळा पाकळ्यांचे शाही शेवंतीचे फूल आणि त्याखाली नमुन्याचे नाव सांगणारी तीन अक्षरे कोरलेली असत.

युद्ध पुढे सरकले तसे यातले एकेक गळत गेले. पाणबुड्यांनी सागरी मार्ग रोखल्यामुळे कच्चा माल येईना, अमेरिकेच्या बी-२९ बाँबफेकी विमानांचे हल्ले सुरू झाले, कुशल कामगार आघाडीवर गेले आणि ७ डिसेंबर १९४४ च्या मोठ्या भूकंपाने नागोया परिसरातील कारखान्यांचे नुकसान केले. एकपायी टेकू आणि विमानविरोधी पट्ट्या तुलनेने लवकर गेल्या, कारण त्यांचा प्रत्यक्ष उपयोग थोडाच होता. मग झाकण गेले, साफसफाईची सळई गेली, क्रोमियम गेले. अंतरानुसार वर सरकवता येणाऱ्या साइटच्या जागी एका ठरलेल्या अंतराचे साधे छिद्र आले, आणि नळीवरचे लाकडी आच्छादन अर्ध्यावर थांबले. चामड्याच्या पट्ट्याची जागा रबर चढवलेल्या कापडी पट्ट्याने आधीच घेतली होती.

माझ्या संग्रहातील ज्या रायफलीविषयी सविस्तर सांगावेसे वाटते, ती ओहायोतील एका प्रदर्शनात मिळाली. तिच्यावर वर सांगितलेली बहुतेक सारी लक्षणे होती आणि किंमत बेताची होती. मेजावरच मी पहिल्यांदा बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामे असल्याची खात्री केली आणि मग छोटा दिवा लावून नळीत पाहिले. माझ्या मते खरेदीपूर्वीची सगळ्यांत महत्त्वाची तपासणी हीच आहे. जपानने शाळकरी मुलांच्या आणि तरुणांच्या लष्करी कवायतीसाठी मोठ्या संख्येने सराव-रायफली बनवल्या होत्या. त्या दिसायला हुबेहूब असतात, पण त्यांचे रिसीव्हर ओतीव लोखंडाचे असतात आणि नळी आतून गुळगुळीत असते, कारण त्यांतून फक्त आवाजाची रिकामी काडतुसे उडवायची असत. त्यांत खरे काडतूस घालून घोडा ओढला, तर रिसीव्हर फुटून चालवणाऱ्याचा चेहरा किंवा हात जाऊ शकतो. त्याही खडबडीत असल्यामुळे अखेरच्या काळातल्या खऱ्या रायफलींमध्ये सहज मिसळून जातात. माझ्या समोरच्या नळीत पेचदार खोबणी स्पष्ट होत्या. नळीच्या तोंडाच्या कडेला क्रोमियमच्या थराचे चकचकीत वलय मात्र दिसत नव्हते, आणि तिच्या इतर लक्षणांशी ते जुळत होते.

नळीतील खोबणी पाहून मी रायफल घेतली, पण ती खरी असल्याचा निर्णय पक्का झाला तो घरी लाकूड सोडवल्यावर. खऱ्या रायफलीत रिसीव्हरच्या मागे दस्त्यात शिरणारी वरची पट्टी हा स्वतंत्र भाग असतो आणि तो रिसीव्हरला अडकवलेला असतो. सराव-रायफलीत ही पट्टी रिसीव्हरसोबत एकाच ओतकामात आलेली असते. माझ्या रायफलीत जोड स्पष्ट होता. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग वाळूच्या साच्यामुळे दाणेदार दिसतो आणि घडीव पोलादावर हत्याराचे सरळ माग दिसतात. हा फरक तेलाने पुसलेल्या धातूवर तिरका उजेड पाडला की डोळ्यांना आपोआप कळतो. येथे आणखी एक गुंतागुंत आहे. जपानी नौदलाने अखेरच्या काळात टाइप ९९ ची स्वतःची एक आवृत्ती काढली होती, जिचे रिसीव्हर ओतीव लोखंडाचेच असे, पण बोल्टच्या पुढच्या टोकाचे अडकणारे कान रिसीव्हरमध्ये न अडकता थेट नळीच्या मागच्या भागात अडकत, म्हणजे स्फोटाचा ताण पोलाद घेई आणि ओतीव लोखंडावर तो येत नसे. अशा रायफलीला सराव-रायफल समजून मोडीत काढल्याचेही मी ऐकले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण अडचणीत सापडलेल्या अभियंत्यांनी शोधलेले ते एक हुशार उत्तर होते.

यानंतर खुणांकडे वळलो. टाइप ९९ च्या रिसीव्हरच्या डाव्या बाजूला तीन गोष्टी एका ओळीत असतात. लहान वर्तुळातले एक जपानी अक्षर, मग क्रमांक आणि मग शस्त्रागाराचे चिन्ह. क्रमांक ९९,९९९ पर्यंत पोहोचला की नवी मालिका सुरू करायची आणि तिला पुढचे अक्षर द्यायचे, अशी ही रचना आहे. अक्षरांचा क्रम जपानी ‘इरोहा’ कवितेचा आहे, जिच्यात प्रत्येक अक्षर एकदाच येते आणि जिचा उपयोग पूर्वी आपल्या वर्णमालेसारखा क्रम लावण्यासाठी होत असे. इ म्हणजे १, रो म्हणजे २, हा म्हणजे ३ असे मोजत ४७ पर्यंत जाता येते. मी तो क्रम कागदावर लिहून कामाच्या मेजासमोर चिकटवला होता आणि आता तो पाठ झाला आहे. माझ्या रायफलीवरचे अक्षर पंचविसावे होते आणि क्रमांकामागे एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळे होती. ती वर्तुळे कोकुरा शस्त्रागाराची. तोक्योच्या कोइशिकावा भागातील जुन्या शस्त्रागाराचे १९२३ च्या महाभूकंपात नुकसान झाल्यावर तेथील काम पुढे क्यूशू बेटावरील कोकुरा येथे हलवण्यात आले, आणि ते चिन्हही जुन्या चिन्हावरूनच घडलेले आहे.

मालिकांचे आकडे सर्व कारखान्यांसाठी एकाच काळाच्या पट्टीवर बसत नाहीत, हे येथे ठामपणे सांगायला हवे, कारण नवे संग्राहक याच ठिकाणी अडखळतात. प्रत्येक कारखान्याला आकड्यांचा वेगळा गट वाटून दिलेला होता. नागोयाचे शस्त्रागार आरंभी मालिका-अक्षराविना सुरू होऊन लहान आकड्यांतून वर गेले, कोकुराने विसापासून पंचविसापर्यंतच्या मालिका वापरल्या, आणि हिरोशिमाजवळच्या तोयो कोग्योने तीस ते पस्तीस. त्यामुळे तोयो कोग्योची तिसाव्या मालिकेतील रायफल आकड्याने मोठी असली, तरी ती माझ्या पंचविसाव्या मालिकेतील रायफलीपेक्षा कितीतरी अधिक नीटनेटकी आणि आधीची असते. आकडा नेहमी त्याच कारखान्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांशी ताडून पाहावा, शेजारच्या कारखान्याच्या आकड्याशी नव्हे. तोयो कोग्यो म्हणजे आजची माझदा मोटार कंपनी, आणि याच कामात असलेली तोक्यो जुकी पुढे शिवणयंत्रांसाठी जगभर ओळखली गेली. सांगली-इचलकरंजीच्या पट्ट्यात शिवणयंत्रांवर हे नाव वाचलेल्या माणसाला रिसीव्हरवर त्याच घराण्याची खूण सापडते, तेव्हा तो क्षणभर थबकतो.

कोकुराविषयी आणखी एक गोष्ट या रायफलीपासून वेगळी करता येत नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा अणुबाँब घेऊन निघालेल्या विमानाचे मुख्य लक्ष्य कोकुरा आणि तेथील शस्त्रागार हेच होते. ढग आणि धूर यांमुळे लक्ष्य दिसले नाही, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. माझ्या मेजावरची वस्तू ज्या शस्त्रागाराच्या शेवटच्या मालिकेतली आहे, त्याची त्या सकाळची सुटका आणि दुसऱ्या शहराचा विनाश एकाच निर्णयातून घडले. ही माहिती मी रायफलीच्या नोंदपत्रात लिहून ठेवली आहे, कारण पाहुण्यांना रायफल दाखवताना केवळ यंत्राविषयी बोलणे मला योग्य वाटत नाही.

रिसीव्हरच्या माथ्यावरचे शेवंतीचे फूल घासून काढलेले होते. शरणागतीनंतर सम्राटाचे चिन्ह शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून शस्त्रे जमा करण्यापूर्वी जपान्यांनी फुले घासून टाकली. म्हणून ज्या रायफली रणांगणात हस्तगत झाल्या, त्यांवर फूल सहसा शाबूत असते, आणि ज्या जपानच्या गोदामांतून ताब्यात आल्या, त्यांवर ते नसते. अखेरच्या मालिकांतील बहुतेक रायफली दुसऱ्या गटात येतात. त्या देशाच्या मुख्य बेटांवरील अपेक्षित आक्रमणासाठी राखल्या होत्या, ते आक्रमण झाले नाही, आणि त्यांतल्या कित्येक एकही गोळी न उडवता अमेरिकन सैनिकांच्या सामानातून समुद्र ओलांडून आल्या. फूल घासलेले असणे हा म्हणून दोष मानू नये. अशा रायफलीच्या बाबतीत ते तिच्या वाटचालीशी सुसंगत असते. मराठी वाचकांच्या मनात या शस्त्रांविषयी येणारी पहिली आठवण इंफाळ-कोहिमाची असेल, आणि मार्च १९४४ मध्ये सांगशाक येथे पॅराशूट ब्रिगेडसोबत लढलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीची. त्या जवानांसमोर आलेली जपानी शस्त्रे मात्र याआधीच्या, पूर्ण सजलेल्या काळातली होती. माझ्यासमोरची रायफल तेव्हा तयारही झालेली नव्हती.

बोल्ट उघडून पाहणे हा सर्व कामातला मला सर्वाधिक आवडणारा भाग आहे. या जपानी रायफलींना ‘अरिसाका’ म्हणतात, आणि अरिसाका पद्धतीचा बोल्ट कोणत्याही हत्याराविना सहा भागांत सुटतो, आणि आधुनिक रायफलींमध्येही इतकी साधी रचना क्वचितच आढळते. येथेच माझी यंत्रशाळेतली नजर कामी आली. बोल्टच्या दांड्यावर, बोंडावर आणि सेफ्टीच्या मागच्या तोंडावर, जिथे पूर्वी रेषा कोरत आणि आता उघडे वेल्डिंग होते, तिथे काम घाईचे होते. परंतु स्फोटाचा ताण घेणारे बोल्टचे पुढचे दोन कान आणि रिसीव्हरमधील त्यांच्या बैठका पाहिल्या, तेव्हा त्या जागा सफाईने घासलेल्या होत्या आणि दोन्ही कान सारख्या दाबाने टेकत असल्याचे खुणांवरून दिसत होते. ज्याने हा भाग केला किंवा ज्याने तो मंजूर केला, त्याला कुठे सूट घ्यायची आणि कुठे मुळीच घ्यायची नाही हे माहीत होते. सामान संपत आले असताना, वरून बाँब पडत असताना, हा विवेक टिकला, ही माझ्या दृष्टीने या रायफलीविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ज्या राजवटीसाठी हे काम झाले, तिच्याविषयी मला कोणतेही ममत्व नाही, पण कारागिराच्या निर्णयाला त्याचे श्रेय मिळायलाच हवे.

अमेरिकन गनस्मिथ पी. ओ. अ‍ॅक्ले यांनी युद्धानंतर वेगवेगळ्या लष्करी रायफली मुद्दाम वाढत्या दारूने फोडून पाहिल्या, तेव्हा जपानी अरिसाका रचना सर्वाधिक टिकली, हे संग्राहकांत सर्वांना ठाऊक आहे. त्या निष्कर्षाचा आधार घेऊन अखेरच्या मालिकेतील कोणतीही रायफल बेलाशक चालवावी, असे मी म्हणणार नाही. चाचणी ज्या नमुन्यांची झाली, ते समोरचे शस्त्र नव्हे. शिवाय मधल्या ऐंशी वर्षांत कोणी काय केले आहे हेही पाहावे लागते. अनेक सैनिकांनी घरी आल्यावर ७.७ ची काडतुसे मिळत नाहीत म्हणून चेंबर कोरून अमेरिकन .३०-०६ काडतुसासाठी मोठे केले, आणि कोरियन युद्धाच्या काळात दक्षिण कोरियाच्या सैन्यासाठीही असे रूपांतर झाले. बाहेरून काहीच न दिसता आतून काडतूस बदललेली रायफल ही सर्वांत धोकादायक. म्हणून मी चेंबरचा मेणासारख्या मिश्रधातूने साचा घेतला, तो मापला, बोल्ट आणि काडतूस यांमधली जागा गेजने तपासून घेतली आणि एका अनुभवी गनस्मिथकडून वेगळी खात्री करून घेतली. सर्व मापे योग्य आली. तरीही ही रायफल मी चालवलेली नाही आणि चालवणार नाही. तिची न वापरलेली अवस्था हा तिच्या इतिहासाचा पुरावा आहे.

लाकडाच्या बाबतीत मी हात राखूनच वागतो. जपानी दस्ता बहुतेक वेळा दोन तुकडे एकमेकांत बसवून केलेला असतो. यामुळे लाकूड कमी लागते आणि मुठीच्या जागी रेषा तुटत नाही. त्यावरील जुना थर उरुशी वृक्षाच्या चिकाचा असतो आणि तो वृक्ष आपल्या बिब्ब्याच्याच कुळातला आहे. ताज्या चिकाने बिब्बा उतल्यासारखे अंगावर फोड येतात. जुन्या, पूर्ण वाळलेल्या थराचा त्रास सहसा होत नाही, पण ज्यांची त्वचा संवेदनशील आहे त्यांनी हातमोजे घालून काम करावे. सॅंडपेपर, पॉलिश किंवा नवा रंग यांपैकी काहीही लावू नये. मऊ सुती कापड, धातूला अगदी पातळ तेल, इतके पुरते. नळीवरची कडी सोडवून खालचे लाकूडही पाहावे, कारण कित्येकदा तिथे करवतीचा काप आढळतो. सैनिकाच्या पिशवीत रायफल बसावी म्हणून पुढचे लाकूड कापून पुन्हा कडीखाली लपवलेले असते. माझ्या दुसऱ्या एका नागोयाच्या रायफलीत असा काप आहे आणि मी तो जोडलेला नाही.

ओळख पटली, असे मी एका खुणेवरून म्हणत नाही. शस्त्रागाराचे चिन्ह, मालिका, साइटचा प्रकार, सेफ्टीची घडण, नळीतील थर, फुलाची अवस्था आणि लाकडाच्या आतला भाग ही सगळी एकच कथा सांगत असतील, तर ती कथा मान्य करतो. एखादे लक्षण इतरांशी विसंगत असेल, तर बहुधा तो भाग नंतर बदललेला असतो. बोल्टच्या भागांवरील जुळणीचे आकडे यासाठी विशेष उपयोगी पडतात, कारण शरणागतीनंतर बोल्ट आणि रायफली अनेकदा वेगळ्या केल्या गेल्या आणि कोणता बोल्ट कोणाचा याचा मेळ राहिला नाही. माझ्या कोकुराच्या रायफलीवरील बोल्ट तिच्याच काळाचा आणि तिच्याच पद्धतीचा आहे, पण मूळचाच आहे असे आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही, म्हणून नोंदपत्रात मी ‘जुळणारा’ असा शब्द लिहिलेला नाही. सध्या त्याच शस्त्रागाराच्या चोविसाव्या मालिकेतील रायफलींची मापे आणि लक्षणे इतर संग्राहकांकडून गोळा करून मी माझ्या तक्त्यात भरत आहे, कारण साइटची पट्टी आणि क्रोमियम या दोन्ही गोष्टी कोकुरात एकाच वेळी थांबल्या की मागेपुढे, हे ठरवायला शेजारच्या क्रमांकांची मोठी रांग समोर मांडावी लागते.